लॉगिनला विलंब कां लागतो?

शाळांच्या संगणककक्षांत आणि लहानमोठ्या कचेऱ्यांत एक तक्रार वारंवार कानीं येते. यंत्र सुरू होतें, पडद्यावर नांव व पासवर्ड विचारणारी चौकट उमटते, विद्यार्थी दोन्ही गोष्टी बिनचूक लिहितो, आणि पुढें कांहींच घडत नाहीं. पडद्याच्या मध्यभागीं एक लहानसें वर्तुळ गरगर फिरत राहतें. अर्धें मिनिट जातें, पाऊण मिनिट जातें, एक मिनिट उलटून जातें. आणि मग जणूं कांहीं झालेंच नव्हतें अशा थाटांत सर्व कांहीं उघडतें व पुढील काम सुरळीत चालूं लागतें. अशा वेळीं जो तो एकच निदान करतो: सर्व्हर जुना झाला, नवा घेतला पाहिजे. हें निदान कधीं कधीं खरें असतें. परंतु पुष्कळदां तें खोटें असतें, आणि त्यापायीं शाळेच्या निधींतील मोठी रक्कम खर्च होऊन विलंब मात्र जसाच्या तसा राहतो. सर्व्हर म्हणजे सर्वांचीं खातीं, फायली व गुणपत्रकें जेथें ठेविलेलीं असतात तो मुख्य संगणक, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. त्या बिचाऱ्यावर नसता आळ आणणाऱ्या कारणांपैकीं एक म्हणजे प्रॉक्सीचें चुकीचें सेटिंग. त्याची हकीकत येथें जरा सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम लॉगिन म्हणजे काय हें पाहूं. विद्यार्थी आपलें नांव व पासवर्ड देतो. सर्व्हर तें नांव यादींत शोधतो, पासवर्ड जुळतो किंवा नाहीं हें पाहतो, आणि होकार वा नकार कळवितो. निकोप स्थितींत एवढ्या कामास एक सेकंदही पुरे होतो. खरा पसारा त्यापुढें सुरू होतो. विद्यार्थ्याच्या फायलींचा कप्पा जोडावयाचा, सूचनाफलक दाखवावयाचा, वेळापत्रक आणावयाचें, हजेरीची नोंद करावयाची, अशीं अनेक कामें यंत्र एकामागून एक उरकीत असतें, आणि तीं सर्व आटोपल्यावांचून पडदा मोकळा होत नाहीं. आपण ह्या सगळ्यालाच 'लॉगिन' म्हणतों. म्हणून 'लॉगिन मंद आहे' ह्या वाक्यानें फारसा बोध होत नाहीं. त्या मालिकेंतील कोणतें काम अडून बसलें आहे हें शोधावें लागतें.

यंत्राचा विलंब दोन जातींचा असतो. एक कामाचा, दुसरा वाट पाहण्याचा. स्वयंपाकघरांत आई भाकऱ्या भाजीत असेल तर जेवणाऱ्यांची संख्या वाढली कीं वेळही वाढतो. हा कामाचा विलंब. पण तवा तापलेला, पीठ मळलेलें, आणि मीठ आणावयास गेलेला मुलगा परत येत नाहीं म्हणून सारें अडलेलें, हा वाट पाहण्याचा विलंब. दुसऱ्या प्रकारांत नवा तवा विकत घेऊन काय उपयोग? संगणकाचेंही असेंच आहे. सर्व्हर खरोखर थकला असेल तर दोन मुलें लॉगिन करतांना वेळ थोडा लागेल आणि चाळीस मुलें एकदम आलीं तर पुष्कळ लागेल. उलट, कक्षांत एकच मुलगा असो वा चाळीस असोत, विलंब जर दर वेळीं तेवढाच भरत असेल, तर कोणी तरी कोणाची तरी वाट पाहत आहे असें खुशाल समजावें. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसर किती गुंतला आहे हें दिसतें. वर्तुळ फिरत असतां सर्व्हरचा प्रोसेसर जर जवळजवळ रिकामा बसलेला दिसला, तर ही शंका आणखी बळावते.

आतां प्रॉक्सीकडे वळूं. महाविद्यालयांतील मुलें मित्राच्या नांवानें 'हजर' म्हणण्यास प्रॉक्सी म्हणतात. शब्द तोच, अर्थही मुळांत तोच. आपल्या जुन्या व्यवहारांतील 'मुखत्यार' हा शब्द ह्याला चांगला जुळतो. मुंबईस नोकरी करणारा कोंकणांतील गृहस्थ गांवच्या जमिनीचें काम स्वतः न करतां एखाद्या भाऊबंदास मुखत्यारपत्र देतो. तलाठ्याकडे जाणें, दाखला आणणें हें सर्व तो मुखत्यार करतो. प्रॉक्सी हा संगणकांचा असाच मुखत्यार होय. आपलें यंत्र एखादें पान मागतें, तेव्हां तें स्वतः बाहेर न जातां प्रॉक्सीस सांगतें. प्रॉक्सी तें पान आणतो व यंत्राच्या स्वाधीन करतो. जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत १९९४ च्या सुमारास अशा प्रॉक्सीचा उपयोग प्रसिद्ध झाला, आणि पुढें कचेऱ्या, विद्यापीठें व शाळा ह्यांनीं तो उचलला. ह्यांत सोय दुहेरी आहे. एक तर मुलांनीं पाहूं नयेत अशीं पानें प्रॉक्सीपाशींच अडवितां येतात. दुसरें, पुन्हां पुन्हां मागितलीं जाणारीं पानें तो स्वतःजवळ ठेवून ताबडतोब देऊं शकतो. दुसरा लाभ आतां बराच उणावला आहे, कारण आजचीं बहुतेक पानें कुलूपबंद होऊन येतात व मुखत्याराला तीं उघडून पाहतां येत नाहींत.

यंत्रास आपला मुखत्यार कोण हें कसें कळतें? कधीं त्याचा पत्ता व द्वाराचा क्रमांक हातानें लिहून ठेवितात; ८०८० किंवा ३१२८ हे क्रमांक पुष्कळ ठिकाणीं आढळतात. कधीं त्यासाठीं एक छोटी फाइल लिहितात. ही रीत नेटस्केप कंपनीनें १९९६ मध्यें आपल्या ब्राउझरबरोबर आणिली. त्या फाइलींत 'अमुक पत्ता असेल तर थेट जा, तमुक असेल तर प्रॉक्सीकडून जा, तो न भेटल्यास थेट जा' असा नियम लिहिलेला असतो. तिसरी रीत सर्वांत आरामाची व म्हणूनच सर्वांत घोटाळ्याची आहे. तिला डब्ल्यूपॅड असें म्हणतात. हींत यंत्रास कोणी कांहींच सांगत नाहीं. तें आपण होऊन नेटवर्कांत विचारीत सुटतें, 'माझ्या नियमांची फाइल कोठें आहे हो?' आधीं तें पत्ते वांटणाऱ्या डीएचसीपी सेवेस २५२ ह्या क्रमांकाच्या कलमाखालीं हा प्रश्न विचारतें. तेथें दाद न लागल्यास 'डब्ल्यूपॅड' ह्या नांवाचें कोणी यंत्र आहे काय, असें नांवांच्या नोंदवहींत, म्हणजे डीएनएसमध्यें, शोधतें. ह्या पद्धतीचा मसुदा १९९९ मध्यें तयार झाला. त्याचें कायम नियमांत रूपांतर कधींच झालें नाहीं. तथापि त्याच वर्षींच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्यें ती सोय आली, आणि 'सेटिंग आपोआप शोधा' ह्या खुणेच्या रूपानें ती आजही विंडोजमध्यें नांदत आहे. अनेक यंत्रांत ती खूण मुळापासूनच चालू असते.

येथवर विलंबाचें कांहीं कारण दिसत नाहीं. मुखत्यार जागेवर असेल तर काम होतें. आणि तो 'मला जमणार नाहीं' असें स्पष्ट म्हणाला तरी यंत्र क्षणांत दुसरा मार्ग धरतें. खोळंबा होतो तो उत्तरच न आल्यामुळें. आपण कोणाच्या दाराशीं जाऊन हांक मारली व शेजाऱ्यानें 'ते गांवाला गेले आहेत' असें सांगितलें, तर आपण लगेच परततों. पण दार बंद, शेजारी गप्प, अशा वेळीं आपण पुन्हां हांक मारतों, थोडें थांबतों, आणखी एकदां मारतों. संगणक हेंच करतो, आणि किती थांबावें ह्याचा त्याचा हिशेब ठरलेला असतो. हा हिशेब मोठा मनोरंजक आहे.

दोन संगणकांमधील संभाषण टीसीपी नांवाच्या नियमांनीं चालतें. यंत्र पहिला संदेश धाडतें व उत्तराची वाट पाहतें. १९८९ सालच्या नियमपत्रकाप्रमाणें ही पहिली प्रतीक्षा ३ सेकंदांची असे. उत्तर न आल्यास तोच संदेश पुन्हां धाडावयाचा आणि आतां दुप्पट, म्हणजे ६ सेकंद, थांबावयाचें. पुन्हां धाडावयाचा आणि १२ सेकंद थांबावयाचें. विंडोजच्या पुष्कळ आवृत्त्यांत येथें नाद सोडून देतात. ३, ६ आणि १२ मिळून २१ सेकंद झाले. २०११ मध्यें पहिली प्रतीक्षा एका सेकंदावर आणण्याचा नवा नियम झाला. लिनक्स यंत्रांत बरींच वर्षें जो क्रम चालत आला तो १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असा आहे. त्याची बेरीज १२७ भरते. ही भूमितिश्रेढी आहे हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. बेरीज १२८ हून एकानेंच उणी कां, हें त्यांनीं आपल्या गणिताच्या शिक्षकांस विचारावें. प्रतीक्षा दर वेळीं दुप्पट करण्यांत शहाणपण आहे. नेटवर्क गर्दीनें तुंबलें असेल तर प्रत्येक यंत्रानें घाईघाईनें हांका मारल्यास तें अधिकच तुंबेल. परंतु समोर कोणीच नसतां हेंच शहाणपण निव्वळ खोळंबा ठरतें. नव्या आवृत्त्यांत हे आंकडे थोडेफार निराळे असतील; आंकडा ठराविक असतो हें मात्र कायम आहे, आणि आपल्या कामास तेवढें पुरतें.

एका शाळेंतील प्रकार येथें सांगण्याजोगा आहे. त्या शाळेच्या कक्षांत वीस यंत्रें, आणि एका वर्गांत साठ मुलें. एका यंत्रावर तिघे पाळीपाळीनें बसत व प्रत्येक जण आपल्या नांवानें लॉगिन करी. उन्हाळ्याच्या सुटींत शाळेनें इंटरनेटची नवी जोडणी घेतली. जुन्या जोडणीबरोबरचा प्रॉक्सी गेला व त्याच्या जागीं नवी फायरवॉल आली. जूनमध्यें शाळा उघडली आणि लॉगिनला मिनिटाहून अधिक वेळ लागूं लागला. संगणकाच्या शिक्षकांनीं नववींतील दोन मुलींस घड्याळ व वही देऊन बसविलें. त्यांनीं निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या वेळीं बारा नोंदी केल्या. कक्ष भरलेला असो वा रिकामा, नोंदी ७० ते ७२ सेकंदांच्या पलीकडे हलेनात. तिघांचे मिळून साडेतीन मिनिटें होतात. तास पस्तीस मिनिटांचा. म्हणजे तासाचा दहावा हिस्सा केवळ त्या वर्तुळाकडे पाहण्यांत जाई. ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांस ह्याचें फारसें वाटणार नाहीं. पण त्या वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलांचा संगणकाशीं संबंध आठवड्यांतील त्या दोन तासांपुरताच होता, आणि त्यांच्या वांट्याच्या दहा तासांतील एक तास असा वाया जात होता. पालकसभेंत नव्या सर्व्हरचा विषय निघाला. ग्रंथालयासाठीं राखून ठेवलेली रक्कम तिकडे वळवावी अशी सूचनाही आली.

शिक्षकांनीं चार दिवसांची मुदत मागून घेतली. वहींतील ७१ ह्या आंकड्यानें त्यांच्या मनांत घर केलें होतें. प्रथम त्यांनीं एका यंत्राची नेटवर्कची वायर काढून, पूर्वीं त्याच यंत्रावर लॉगिन केलेल्या मुलास पुन्हां लॉगिन करावयास सांगितलें. विंडोज जुनी ओळख लक्षांत ठेवीत असल्यामुळें असें करतां येतें. पडदा दहा सेकंदांच्या आंत उघडला. वायर नसतां बाहेर कोणी नाहीं हें यंत्रास तत्काळ कळतें, म्हणून तें कोणाची वाट पाहत नाहीं. यंत्र मंद नव्हतें हें येवढ्यानें सिद्ध झालें. पुढें त्यांनीं लॉगिनच्या वेळीं चालणाऱ्या कामांची यादी पाहिली. तींत तीन निरनिराळे छोटे प्रोग्राम होते: एक सूचना आणणारा, एक वेळापत्रक आणणारा, एक हजेरी नोंदविणारा. तिन्ही एकामागून एक चालत, आणि तिघांनाही जें हवें तें शाळेच्याच सर्व्हरवर होतें. सर्व्हर त्या कक्षांतच, दोन कपाटांपलीकडे होता. मग बाहेरच्या जोडणीशीं त्यांचा संबंध काय?

संबंध नियमांच्या फाइलींत होता. डीएचसीपी सेवा प्रत्येक यंत्रास जुन्याच फाइलीचा पत्ता देत होती, आणि फाइलींत दोन वाक्यें होतीं. नुसतें एकशब्दी नांव असेल तर थेट जा. बाकी सर्वांसाठीं आधीं जुन्या प्रॉक्सीकडे जा, तो न भेटल्यास थेट जा. 'स्थानिक' पत्ता ओळखण्याची संगणकाची कसोटी फार साधी असते. नांवांत टिंब नसेल तर तें घरचें, टिंब असेल तर बाहेरचें. ह्या शाळेंत पूर्वीं सर्व्हरला एकशब्दी नांवानेंच हांक मारीत. आदल्या वर्षीं सुरक्षित जोडणीसाठीं प्रमाणपत्र बसविलें, तेव्हां त्यांतील पूर्ण, टिंबें असलेलें नांव वापरणें भाग पडलें. तेव्हांपासून दोन कपाटांपलीकडचा सर्व्हर यंत्रांच्या लेखीं परगांवचा झाला, व त्याच्याकडे जाणारी प्रत्येक विनंती मुखत्याराकडून जाऊं लागली. जुना मुखत्यार जिवंत असेतों हें कोणाच्या लक्षांत येण्याचें कारणच नव्हतें. तो गेल्यावर त्याच्या पत्त्यावर धाडलेला संदेश नव्या फायरवॉलनें मुकाट्यानें गिळून टाकला. 'येथें कोणी नाहीं' असेंही ती सांगेना. यंत्र ३, ६, १२ असे २१ सेकंद थांबे आणि मग फाइलींतल्या दुसऱ्या आज्ञेप्रमाणें थेट जाऊन काम उरकी. तीन प्रोग्राम, तिघांच्या तीन स्वतंत्र प्रतीक्षा: ६३ सेकंद. खऱ्या कामाचे आठ. एकूण ७१.

हा बिघाड इतके दिवस लपून राहण्याचें कारण त्याच दुसऱ्या आज्ञेंत आहे. 'न भेटल्यास थेट जा' असें लिहिलेलें नसतें तर सूचना आलीच नसती, हजेरी लागलीच नसती, आणि पहिल्याच दिवशीं कोणी तरी मूळ शोधून काढलें असतें. येथें सर्व कामें होत होतीं, फक्त उशिरा होत होतीं. शिवाय मुखत्यार मृत आहे हें एकदां कळलें कीं तो तो प्रोग्राम कांहीं काळ तें लक्षांत ठेवतो व पुढच्या वेळीं त्याच्याकडे जात नाहीं. त्यामुळें 'एकदां सुरू झालें कीं ठीक चालतें' असें सर्व मुलें सांगत आणि तें खरेंही होतें. फाइलींतील दोन ओळी बदलल्या, शाळेचें पूर्ण नांव 'थेट'च्या यादींत घातलें, जुना पत्ता काढला, आणि लॉगिन आठ-नऊ सेकंदांवर आलें. नवा सर्व्हर विकत घेतला असता तरी तीच फाइल त्याच्यावर नकलून ठेविली गेली असती, हें सांगावयास नको.

ज्यांस आपल्या शाळेंत वा कचेरींत असा तपास करावयाचा असेल त्यांनीं आधीं घड्याळ लावावें, यंत्राला हात नंतर लावावा. एकाच यंत्रास त्रास आहे कीं सर्वांस, एकाच विद्यार्थ्यास आहे कीं सर्वांस, हें लिहून काढावें. मग एका यंत्रावर, एका नांवानें, 'सेटिंग आपोआप शोधा' ही खूण काढून पाहावी. फरक न पडल्यास ती परत लावावी व मगच दुसरा प्रयोग करावा. दोन बदल एकदम केले तर कोणत्यानें गुण आला तें कधींच कळत नाहीं. हातानें लिहिलेला प्रॉक्सीचा पत्ता आढळल्यास त्या पत्त्यावर आज कोणी आहे काय, हें पाहावें. नुसता पिंग करून भागत नाहीं. यंत्र पिंगला उत्तर देईल आणि त्याचें ८०८० क्रमांकाचें दार मात्र बंद असेल, असें होऊं शकतें.

येथें एक खोच आहे, तिनें भले भले फसतात. विंडोजमध्यें प्रॉक्सीचें सेटिंग एकच नसतें. ब्राउझर व तत्सम प्रोग्राम जें वाचतात तें साधारणतः त्या त्या माणसाच्या खात्यापुरतें असतें. म्हणून शिक्षकांनीं आपल्या नांवानें दुरुस्ती केली तरी पुढच्या मुलाचें लॉगिन मंदच राहतें. आणि पडद्यामागें चालणाऱ्या सेवा ह्याहून निराळेंच, यंत्राचें स्वतःचें सेटिंग पाहतात. तें पाहण्यासाठीं आज्ञांच्या काळ्या खिडकींत 'नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' ही आज्ञा द्यावी लागते. लिनक्समध्यें तीच गोष्ट 'एचटीटीपी प्रॉक्सी' व 'नो प्रॉक्सी' ह्या नांवांच्या नोंदींनीं ठरते, आणि तेथेंही घरच्या सर्व्हरचें पूर्ण नांव 'नो प्रॉक्सी'च्या यादींत लिहावयाचें राहून जातें.

सर्व्हरवरच बसून काम करणाऱ्यांस आणखी एका रूपांत हा विलंब भेटतो. आजकाल बरेचसे प्रोग्राम स्वाक्षरी केलेले असतात. प्रोग्राम उघडतांना त्या स्वाक्षरीचें प्रमाणपत्र रद्द तर झालें नाहीं ना, हें पाहण्यासाठीं विंडोज कधीं कधीं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडील यादी मागवितें. सर्व्हरला इंटरनेटचा मार्गच ठेवलेला नसेल, किंवा प्रॉक्सीचा पत्ता चुकला असेल, तर ती यादी येत नाहीं व प्रत्येक मागणीमागें साधारणतः १५ सेकंद फुकट जातात. डेटाबेस सांभाळण्याचे प्रोग्राम पहिल्यांदां उघडतांना रेंगाळतात त्याचें मूळ पुष्कळदां हें असतें. अशा वेळीं ही तपासणीच बंद करण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पसंत नाहीं. चौकीदार वेळ लावतो म्हणून त्याला काढून टाकण्यासारखें तें आहे. सर्व्हरला योग्य मुखत्यार नेमून द्यावा, किंवा तेवढ्या यादीपुरता मार्ग मोकळा करावा, हें बरें. तसेंच शाळेचा प्रॉक्सी मुलांच्या रक्षणासाठीं ठेवलेला असेल, तर विलंब टाळण्याच्या नांवाखालीं विद्यार्थ्यांनीं तो परस्पर काढूं नये. आणि प्रत्येक मंद लॉगिनचें कारण प्रॉक्सीच असतें असेंही कोणी समजूं नये. डीएनएसचा पत्ता चुकलेला असणें, किंवा विद्यार्थ्याच्या खात्यांत चित्रांचे ढीग सांठून तें दर वेळीं नेटवर्कावरून वाहून आणावें लागणें, हीं कारणेंही नेहमींचीं आहेत. शेवटचें तर घड्याळावरूनच ओळखूं येतें, कारण तेथें आंकडा ज्याच्या त्याच्या पसाऱ्याप्रमाणें बदलतो.

आपोआप शोधण्याच्या त्या खुणेंत विलंबाखेरीज धोकाही आहे. 'माझा मुखत्यार कोण?' असें यंत्र चारचौघांत ओरडून विचारूं लागलें, तर एखादा लबाड 'मीच तो' असें म्हणून पुढें येऊं शकतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून त्याच्या डीएनएस सेवेंत 'डब्ल्यूपॅड' हें नांव मुळापासूनच अडविलेल्या नांवांच्या यादींत असतें, तें ह्याच भीतीनें. पुढें मे २०१६ मध्यें अमेरिकेच्या सरकारी संगणकसुरक्षा पथकानें इशारा दिला कीं, कचेरींतील लॅपटॉप घरीं नेला म्हणजे त्याचा हा प्रश्न कचेरीच्या भिंतींबाहेर पडतो व भलताच कोणी त्यास उत्तर देऊं शकतो. पुढच्याच महिन्यांत मायक्रोसॉफ्टनें ह्या भागांत दुरुस्ती केली.

पालकांच्या उपयोगाची गोष्ट ह्यालाच लागून आहे. वडिलांचा कचेरींतला लॅपटॉप घरीं आला कीं 'घरचें इंटरनेट मंद आहे' असा गिल्ला होतो, आणि इंटरनेटवाल्यास दूरध्वनि करण्यापूर्वीं कोणी सेटिंग पाहत नाहीं. कचेरीचा प्रॉक्सी कचेरींतच भेटतो. घरून त्याच्या पत्त्यावर कितीही हांका मारल्या तरी उत्तर येणार नाहीं. विंडोजच्या सेटिंगमध्यें 'नेटवर्क व इंटरनेट' ह्या भागांत 'प्रॉक्सी' असें पान असतें. तेथें हातानें लिहिलेला पत्ता चालू असल्यास तो कचेरीच्या माणसांस विचारून घरापुरता बंद ठेवतां येतो. दुसऱ्या दिवशीं कचेरींत गेल्यावर तो परत चालू करावा लागतो. मोबाइलमध्यें हा घोळ कमी होतो, कारण ॲण्ड्रॉइड व आयफोन ह्या दोहोंतही प्रॉक्सीची नोंद प्रत्येक वायफायसाठीं वेगळी असते. शाळेच्या वायफायची नोंद शाळेपुरती राहते, आणि घरच्या वायफायच्या नांवापुढें 'प्रॉक्सी नाहीं' असें दिसलें म्हणजे तेथें शोधण्यासारखें कांहीं उरत नाहीं.